बेळगावहून जुन्या गोव्याला: बॉम जीझस बॅसिलिकेतील रांग कशी टाळावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, हल्याळ या भागांत बाहेरगावचे पाहुणे आले की गोव्याचा बेत हमखास ठरतो, आणि त्या बेतात जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिका हे चर्च असतेच. अंतर फारसे नाही. चोर्ला घाटाने गेल्यास बेळगावपासून सुमारे १०० किलोमीटर, म्हणजे साधारण तीन तासांचा प्रवास आहे. तरीही आपल्याकडची बरीच कुटुंबे तेथे पोहोचतात ती नेमकी अकरा ते एकच्या दरम्यान, उन्हात रांगेत ताटकळतात, सोळाव्या शतकातील धर्मप्रसारक सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीसमोरून गर्दीच्या रेट्याने पुढे सरकतात आणि ‘पाहून झाले’ म्हणत बाहेर पडतात. चारशे वर्षांहून जुनी, १९८६ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या चर्चसमूहातील ही प्रमुख वास्तू अशी धावतपळत पाहिली जावी, याची मला मनापासून हळहळ वाटते, कारण ही रांग बहुतेक वेळा टाळता येण्यासारखी असते. त्यासाठी ओळखपाळख लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. वार, वेळ आणि वाट यांचा विचार घरातून निघण्याआधी करावा लागतो.

प्रथम ही रांग का लागते ते समजून घ्यावे, कारण कारण कळले की उपाय आपोआप सुचतात. बॅसिलिकेचे दार मोठे आहे, आतला मुख्य कक्षही प्रशस्त आहे, आणि प्रवेशाला तिकीट नसल्यामुळे खिडकीवरची रांग हा प्रकारच येथे नाही. अडचण होते ती आत, वेदीच्या उजव्या बाजूच्या दालनात. तेथे सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे समाधिस्मारक आहे. लोक मधल्या मार्गाने आत येतात, उजवीकडे वळतात आणि स्मारकासमोर एकेक जण थांबतो. कोणी हात जोडतो, कोणी मुलाला उचलून वरची पेटी दाखवतो, कोणी मोबाइल उंच धरून शवपेटी नीट चौकटीत येईपर्यंत जागचा हलत नाही, आणि तोवर त्याच्या मागचे वीस-पंचवीस जण जेथल्या तेथे खोळंबतात. माणसे मोजकी असतील तर हे थांबणे कोणाला जाणवत नाही. मात्र दोन-तीन बसगाड्यांतील प्रवासी एकदम आले, की याच अरुंद जागेपासून रांग मागे सरकत थेट अंगणात येते.

या बसगाड्या कधी येतात, हाच खरा प्रश्न आहे. कळंगुट, बागा, म्हापसा, पणजी येथील हॉटेलांतून प्रवासी गोळा करून निघणाऱ्या दर्शनसहलींच्या गाड्या सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास निघतात आणि साडेदहापासून पुढे जुन्या गोव्यात येऊ लागतात. मंगेशी, दोना पावल, मिरामार अशी ठिकाणे त्यांच्या यादीत असतात आणि संध्याकाळी मांडवीतील बोटीच्या फेरीसाठी त्यांना पणजीत पोहोचायचे असते. म्हणून साडेदहा ते दीड हा काळ सर्वांत वाईट असतो, दुपारचे दोन-तीन तास मध्यम असतात आणि चारच्या पुढे या गाड्या पणजीकडे वळू लागतात. सर्वसाधारण दिवशी बॅसिलिका पर्यटकांसाठी सकाळी नऊपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत खुली असते, तेव्हा आपल्यासाठी दोन चांगल्या वेळा उरतात: सकाळी दार उघडल्यापासूनचा पहिला दीड तास आणि दुपारी चार ते साडेपाच. संध्याकाळी सहाच्या सुमारास प्रार्थना असते, त्यामुळे त्याआधी बाहेर पडलेले बरे. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या दिवसाच्या वेळा पुन्हा एकदा पाहून घ्याव्यात, कारण विशेष प्रार्थनांच्या दिवशी त्या बदलतात.

वार निवडताना मंगळवार, बुधवार आणि गुरुवार हे तीन दिवस डोळ्यांसमोर ठेवावेत. रविवारी सकाळी एकामागून एक मिस्सा, म्हणजे चर्चमधील सामूहिक प्रार्थना, असतात आणि तोवर पर्यटकांना थांबावे लागते. प्रार्थना संपल्यावर आतले भाविक बाहेर येतात, बाहेरचे आत जाऊ पाहतात आणि दाराशी दुहेरी गर्दी होते. शनिवारी पुणे, कोल्हापूर, हुबळी आणि बंगळूरच्या गाड्या गोव्यात येऊन थडकलेल्या असतात. शुक्रवार तसा बरा असला, तरी सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चला लागून असलेले पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, आणि ते न पाहता परतणे म्हणजे अर्धे जुने गोवे सोडून येणे होय. सोमवारी चर्चमध्ये गर्दी बेताची असते. मात्र ज्यांना त्याच दिवशी मंगेशीला जायचे आहे त्यांनी हे लक्षात घ्यावे, की सोमवार हा देवाचा वार असल्यामुळे तेथे इतर दिवसांपेक्षा जास्त लोक असतात.

वर्षातील काही काळ सरळ वगळावेत. नाताळच्या आदल्या दिवसापासून नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारपर्यंत बॅसिलिकेत निवांतपणा मिळेल अशी आशाच करू नये. आपल्याकडची एक गोष्ट मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही: सीमाभागातील घरांना दोन राज्यांच्या सुट्ट्यांचा हिशोब मांडावा लागतो. कर्नाटकातील शाळांना दसऱ्याची मोठी सुट्टी असते, तर महाराष्ट्रातील शाळांना दिवाळीची, आणि १ नोव्हेंबरची कर्नाटकातील सुट्टी बहुधा त्याच आगेमागे येते. आपल्या मुलांची शाळा सुरू आहे म्हणून गोवा रिकामा असेल, असे समजून दिवाळीनंतरच्या आठवड्यात निघालो तर सांगली, सातारा, कोल्हापूर तेथे आपल्या आधी हजर असते. १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन आणि शनिवार-रविवारला जोडून आलेली कोणतीही राष्ट्रीय सुट्टी यांचेही असेच. ऑक्टोबर ते मार्च या काळात मुरगाव बंदराला विदेशी प्रवासी जहाजे लागतात आणि त्यांतील प्रवाशांना सकाळीच जुन्या गोव्यात आणले जाते. अशा दिवशी आपण नऊच्या ठोक्याला दारात असणे अधिकच महत्त्वाचे ठरते.

याउलट, जून ते सप्टेंबरमधील आडवारी बॅसिलिका जशी पाहायला मिळते तशी इतर कधी मिळत नाही. बाहेरून गिलावा नसलेला जांभा दगड पावसात गडद तांबडा होतो आणि आतल्या सोनेरी वेदीसमोर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसे असतात. खानापूर तालुक्यात जांभ्याची घरे पाहून वाढलेल्या माणसाला या भिंतींची ओळख लगेच पटते. पावसाळ्यातील अडचण रस्त्याची आहे, चर्चची नव्हे. चोर्ला घाटात धुके दाटते, कडेच्या दरडी ढासळतात आणि कणकुंबीच्या पुढे खड्डे पाण्याने भरून दिसेनासे होतात. पाऊस दोन-तीन दिवस सलग कोसळत असेल, तर बेत पुढे ढकलावा.

निघण्याची वेळ आणि वाट

आपल्याकडे सहलीला निघण्याची ठरलेली रीत अशी आहे, की सात-साडेसातला नाश्ता उरकावा, आठला गाडी काढावी, जांबोटीला किंवा साखळीला चहाला थांबावे आणि मग पुढे जावे. या रीतीने जुन्या गोव्याला पोहोचेपर्यंत साडेअकरा वाजतात. म्हणून एक-दिवसाच्या सहलीसाठी माझे स्पष्ट मत असे आहे, की बेळगावहून पहाटे साडेपाचला निघावे आणि नाश्ता डब्यातून बरोबर घ्यावा. साडेपाचला निघाल्यास कणकुंबीपर्यंतचा सपाट, रानातला रस्ता अंधारात पार होतो, प्रत्यक्ष घाट मात्र उजाडताना लागतो आणि पावणेनऊच्या आत आपण जुन्या गोव्यात असतो. याहून लवकर, चारला वगैरे निघण्यात शहाणपण नाही, कारण घाटातील वळणे आणि धुके अंधारात धोकादायक होतात, आणि लवकर पोहोचूनही दार उघडलेले नसते.

चोर्ला घाट उतरल्यावर केरी आणि साखळी लागते. तेथून बहुतेक गाड्या डिचोलीमार्गे पणजीच्या दिशेने जातात आणि पणजीच्या सकाळच्या रहदारीत सापडून पुन्हा मागे जुन्या गोव्याकडे येतात. हा वळसा नको. साखळीहून आमोण्याच्या पुलावरून खांडोळा, माशेल आणि बाणस्तारी या मार्गाने गेल्यास जुने गोवे पणजीच्या अलीकडेच गाठता येते आणि रस्ताही गावागावांतून जाणारा, हिरवा आहे.

दुसरी वाट थोडी सावकाश आहे, पण ज्यांना घाई नाही त्यांनी ती एकदा तरी घ्यावी. डिचोलीहून नार्व्याला जावे. तेथे सप्तकोटेश्वराचे मंदिर आहे, ज्याचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. मंदिराचे दर्शन घेऊन फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरावे आणि बेट ओलांडून दुसऱ्या फेरीबोटीने जुन्या गोव्याच्या धक्क्यावर यावे. बोट काठाला लागताच तिची लोखंडी फळी खडखडत खाली येते, आतल्या दुचाकी आणि पायी प्रवासी भराभर उतरतात, मग चारचाकी एकेक करून बाहेर निघतात आणि त्यानंतर आपल्या बाजूच्या गाड्यांना आत घेतले जाते. गाड्या मोजक्याच मावतात, त्यामुळे चार-पाच गाड्यांचा ताफा असेल तर हा मार्ग धरू नये; फेरीची वाट पाहण्यात सकाळची चांगली वेळ निघून जाईल. धक्क्यावरून वर येताना व्हाइसरॉयची कमान लागते, आणि पूर्वी समुद्रमार्गे येणारे गव्हर्नर ज्या दारातून शहरात शिरत त्याच दारातून आपणही शिरतो.

खानापूर, लोंढा, रामनगर आणि जोयडा या भागांतील लोकांना अनमोड घाटाने मोले, फोंडा असे येणे सोयीचे पडते. निपाणी, चिकोडी आणि संकेश्वरकडच्यांनी बेळगावला वळसा न घालता आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा हा मार्ग घ्यावा. मात्र त्यांचे अंतर जास्त असल्यामुळे सकाळी नऊचा हट्ट न धरता दुपारी चारची वेळ साधावी आणि रात्री गोव्यात मुक्काम करावा. बसने जाणाऱ्यांनाही मी हेच सांगेन. बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून पणजीला कर्नाटक परिवहनाच्या आणि गोव्याच्या कदंब परिवहनाच्या गाड्या मिळतात, पण सकाळची पहिली गाडी पकडूनही पणजीला उतरून पुन्हा जुन्या गोव्याची गाडी धरेपर्यंत सहलींची गर्दी सुरू झालेली असते. त्यापेक्षा पणजीत उतरावे, जेवावे, थोडा आराम करावा आणि साडेतीनच्या सुमारास स्थानिक बसने निघावे. पणजीच्या कदंब स्थानकावरून जुन्या गोव्याच्या गाड्या सतत सुटतात आणि अंतर दहा किलोमीटरच्या आतबाहेर आहे.

मुक्कामाचा विचार असेल, तर एक मार्ग सीमाभागातील अनेक घरांना सहज जमण्यासारखा आहे. आपल्याकडील कितीतरी कुटुंबांची कुलदैवते गोव्यात आहेत. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा ही सारी फोंडा तालुक्यात, जुन्या गोव्यापासून फार तर अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहेत आणि देवस्थानांच्या अग्रशाळांत कुळाव्यांची राहण्याची सोय होते. प्रघात असा, की सकाळी आधी देवदर्शन, मग अभिषेक, मग प्रसाद आणि त्यानंतर ‘जाता जाता’ चर्च. हा क्रम उलटा करावा. सकाळी आठला अग्रशाळेतून निघून बाणस्तारीच्या पुलावरून नऊला बॅसिलिकेत पोहोचावे, अकराच्या आत तेथून निघावे आणि दुपारच्या महानैवेद्याला देवळात परत यावे. देव कोठे जात नाही, आणि त्याच्या दारातील दुपारची आरती तर पाहण्यासारखी असते. दोन्हीकडे अंगभर, साधे कपडे चालतात आणि अर्ध्या चड्डीला किंवा उघड्या खांद्यांना दोन्हीकडे हरकत घेतली जाते, त्यामुळे कपड्यांचाही वेगळा विचार करावा लागत नाही. दाराशी अडवल्यावर ओढणी शोधत बसणे किंवा गाडीपर्यंत परत जाणे यात रांगेतील जागा जाते, म्हणून हे आधीच पाहावे.

पोहोचल्यावर

गाडी ठरवून दिलेल्या वाहनतळावरच लावावी आणि रस्त्याकडेला जागा शोधत फिरू नये. जुन्या गोव्यातील सारी मुख्य ठिकाणे एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. सकाळी पोहोचलात तर प्रथम बॅसिलिका पाहावी. समोर सी कॅथेड्रल दिसत असते आणि त्याचे आवार मोठे, मोकळे असल्यामुळे मुले तिकडे धावतात, पण कॅथेड्रलमध्ये गर्दी कितीही असली तरी रांगेत उभे राहावे लागत नाही, बॅसिलिकेत लागते. जेथे अडथळा आहे तेथे आधी जावे आणि जेथे मोकळीक आहे ते नंतरसाठी ठेवावे. दुपारी पोहोचलात तर हाच नियम उलटा लागू करून आधी कॅथेड्रल आणि संग्रहालय पाहावे, कारण संग्रहालय लवकर बंद होते, आणि चारनंतर बॅसिलिकेकडे वळावे.

आत शिरताच उजवीकडे धाव घेऊ नये. मुख्य कक्षाच्या मागच्या बाजूला दोन मिनिटे थांबून समोरची सोनेरी वेदी पाहावी. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची मोठी मूर्ती आणि त्यांच्या पायाशी बाळ येशूची लहान मूर्ती तेथे आहे. ज्याच्या नावाने हे चर्च आहे तो हाच बाळ येशू. १५९४ मध्ये या चर्चचे बांधकाम सुरू झाले आणि १६०५ मध्ये ते प्रार्थनेसाठी समर्पित करण्यात आले. या दोन मिनिटांत उजव्या दालनाजवळ किती लोक आहेत तेही दिसते. एखादा मोठा गट तेथे उभा असेल, तर तो पुढे सरकेपर्यंत बाकावर शांतपणे बसून राहावे. दहा-बारा मिनिटांत गट निघून जातो आणि दालन रिकामे होते. बसगाड्यांची गर्दी लाटांसारखी येते. दोन लाटांमधील ही मोकळी वेळ पकडणे हे रांग टाळण्याचे सर्वांत साधे तंत्र आहे आणि ते भर अकरा वाजताही बऱ्याच अंशी उपयोगी पडते.

स्मारकासमोर काय पाहायचे ते आधी ठाऊक असले, की तेथे घुटमळावे लागत नाही आणि मागच्यांचाही खोळंबा होत नाही. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा मृत्यू ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर झाला, १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यात आणण्यात आला आणि १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. वर दिसते ती चांदीची पेटी सतराव्या शतकात गोव्यातील कारागिरांनी घडवली आहे. तिच्याखालचा रंगीत संगमरवरी चौथरा इटलीतील टस्कनीचा सत्ताधीश ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने पाठवला. तो फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याने घडवला आणि १६९८ मध्ये येथे उभा केला गेला. चौथऱ्याच्या बाजूंवर कांस्याची चार शिल्पपटले आहेत, त्यांत संतांच्या जीवनातील प्रसंग कोरलेले आहेत, आणि बहुतेक लोक वरच्या पेटीकडे पाहण्याच्या नादात ती पाहायचीच विसरतात. पेटी उंचावर असल्यामुळे अगदी खाली उभे राहून ती नीट दिसत नाही. चार पावले मागून, वाट न अडवता पाहिल्यास अधिक चांगली दिसते. फोटोविषयी दारावर लिहिलेले नियम वाचून त्याप्रमाणे वागावे. स्मारकाकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढणे तेथील भाविकांना खुपते, आणि रांग तुंबण्याचे मुख्य कारणही तेच असते.

पुढची वाट बाजूच्या दालनांतून आणि आतल्या चौकाभोवतीच्या पडवीतून बाहेर जाते. येथे गर्दी पांगलेली असते. ज्येष्ठांना बसवून घ्यायचे असेल, मुलांना पाणी द्यायचे असेल, तर ही जागा योग्य. शेजारची जेझुइट पाद्र्यांची दुमजली इमारत चर्चपेक्षाही आधीची, १५८५ मधील आहे.

‘रांगेशिवाय आत नेतो’ असे सांगणारा कोणी भेटल्यास त्याला पैसे देऊ नयेत. प्रवेश सर्वांना विनामूल्य आहे आणि विकत घेण्याजोगी वेगळी वाट येथे नाही. मार्गदर्शक घ्यायचा असेल तर तो माहितीसाठी घ्यावा. घरातील कोणाला फार वेळ उभे राहणे जमत नसेल, चाकांची खुर्ची लागत असेल, तर दारावरील सेवकांना तसे नम्रपणे सांगावे. ते मदत करतात, पण एका आजीबाईंसाठी मिळालेली सवलत बरोबरच्या बारा जणांसाठी वापरणे योग्य नाही. एकाने त्यांच्याबरोबर जावे आणि इतरांनी आपली पाळी येईपर्यंत थांबावे.

बॅसिलिकेत त्या दिवशी काही केल्या गर्दी हटत नसेल, तर तो तासभर वाया घालवू नये. सी कॅथेड्रल १५६२ मध्ये बांधायला घेतले, ते १६१९ पर्यंत चालले, आणि त्याचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळल्यामुळे समोरून ते आजही एका खांद्याचे दिसते. रोममधील सेंट पीटर्सच्या धर्तीवर बांधलेले सेंट कॅजेटन चर्च येथून थोड्याच अंतरावर आहे आणि तेथे बहुधा शांतता असते. टेकडीवरील सेंट ऑगस्टिनचा भग्न मनोरा मला या सर्वांत अधिक भावतो. त्या चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले, आता केवळ जांभ्याच्या भिंती, जमिनीवरील कबरींच्या कोरीव शिळा आणि आकाशात चढलेला अर्धा मनोरा उरला आहे, आणि सहलींच्या गाड्यांतील फार थोडे लोक तेथवर चालत जातात.

फेस्त, नोव्हेना आणि शवप्रदर्शन

आतापर्यंत जे लिहिले ते पर्यटकांच्या रांगेविषयी होते. भाविकांची रांग निराळी असते आणि तिला निराळे नियम लागतात.

सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, दरवर्षी ३ डिसेंबरला असते आणि त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना, चालते. या दिवसांत पहाटेपासून संध्याकाळपर्यंत बॅसिलिकेच्या आवारात मांडवाखाली मिस्सा होतात. खानापूर आणि बेळगाव परिसरातून, सिंधुदुर्गातून, कारवारकडून भाविक पायी चालत येतात. पंढरीची वारी पाहिलेल्या माणसाला हे दृश्य परके वाटत नाही. गोव्यातील कितीतरी हिंदू कुटुंबेही ‘गोंयचो सायब’ म्हणून या संतापुढे माथा टेकवतात. केवळ वास्तू पाहायला जाणाऱ्यांनी या दहा दिवसांत जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो. रांग लांब असते एवढेच त्याचे कारण नाही. दोन दिवस चालून आलेल्या माणसाच्या पुढे आपण केवळ फोटोसाठी उभे राहू नये. त्याच सुमारास, साधारण २० नोव्हेंबरपासून, पणजीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो आणि खोल्यांचे दर चढलेले असतात, तेव्हा मुक्कामाच्या दृष्टीनेही हे दिवस महाग पडतात.

ज्यांना भक्तीने जायचे आहे त्यांनी नोव्हेनाच्या मधल्या दिवसांपैकी एखादा आडवार निवडावा आणि पहाटेची मिस्सा साधावी. त्यासाठी आदल्या रात्री गोव्यात मुक्काम हवा. प्रत्यक्ष फेस्ताच्या दिवशी गोव्यात सार्वजनिक सुट्टी असते, मुख्य मिस्सा सकाळी होते आणि खासगी गाड्या बऱ्याच अंतरावर थांबवल्या जातात, म्हणून त्या दिवशी पणजीहून किंवा फोंड्याहून कदंबच्या बसने जाणे सर्वांत सोपे. मुख्य मिस्सा संपल्यावर लगेच समाधीकडे वळू नये, कारण सारे आवार त्याच वेळी तिकडे वळते. जत्रेतील खाजे घ्यावे, मुलांना जेवू घालावे आणि दुपारी, माणसे पांगल्यावर, दर्शनाला जावे. ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचे फेस्त असते. त्या दिवशी जुने गोवे तुलनेने मोकळे असले तरी पणजी शहरातून गाडी नेणे अवघड होते, म्हणून चोर्ल्याहून येणाऱ्यांनी माशेल-बाणस्तारीचा मार्गच धरावा.

दर दहा वर्षांनी होणारे शवप्रदर्शन हा याहून मोठा सोहळा असतो. एरवी उंचावर असलेली पेटी त्या वेळी खाली उतरवतात, संतांचे पवित्र अवशेष मिरवणुकीने समोरच्या सी कॅथेड्रलमध्ये नेतात आणि तेथे सुमारे दीड महिना दर्शनासाठी ठेवतात. अठरावे शवप्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले, आणि त्याआधीचे २०१४ च्या नोव्हेंबरात सुरू झाले होते. या क्रमाने पुढचे २०३४ च्या अखेरीस येते. तेव्हा जाणाऱ्यांनी पहिला आठवडा, ३ डिसेंबर, सारे शनिवार-रविवार आणि नाताळपासून शेवटपर्यंतचे दिवस सोडून द्यावेत. उरतात ते साधारण ९ ते २० डिसेंबरमधील आडवार, आणि त्यातही १९ तारीख वगळावी. रांगेत उभे राहावे लागणारच हे धरून पाण्याची बाटली, टोपी, ज्येष्ठांची औषधे आणि मुलांसाठी कोरडा खाऊ जवळ असावा. मोठ्या पिशव्या गाडीतच ठेवाव्यात, कारण तपासणीच्या जागी त्यांनीच वेळ जातो. घरातील सर्व जण एकत्र राहू न शकल्यास पुन्हा कोठे भेटायचे ती जागा आधी ठरवून ठेवावी, कारण एवढ्या गर्दीत मोबाइलवर विसंबून राहता येत नाही.

परतीच्या प्रवासाचे गणितही त्याच दिवशी सकाळी मांडावे. एका दिवसात जाऊन येणाऱ्यांनी दुपारी साडेतीनच्या आत जुने गोवे सोडावे, म्हणजे चोर्ला घाट दिवसाउजेडी चढून होतो आणि कणकुंबीच्या पुढच्या रानातून जाताना अंधार पडत नाही. दुपारी चारनंतरचे दर्शन साधायचे असेल, तर रात्री घाट चढण्याचा विचार सोडून फोंड्याला, दिवाडीला किंवा पणजीला मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी न्याहारी करून निघावे.